क्लाइंब डाऊनला मारलेली फुली

मागच्या वर्षी जानेवारीत चौथीच्या वर्गात एका मुलीच्या वहीवर मी लाल पेनाने फुली मारली. फुल्या आपण सगळेच मारतो, त्यात विशेष काही नाही. पण ही फुली चुकीची होती, आणि ते मला कळेपर्यंत ती मुलगी गावी निघून गेली होती. डीएडला कोणी शिकवली नव्हती, इतकी वर्षं इंग्रजी शिकवूनही लक्षात आली नव्हती, अशी एक साधी गोष्ट त्या फुलीमुळे मला कळली. तुमच्यापैकी पुष्कळांना ती आधीच ठाऊक असेल. ज्यांना नसेल त्यांच्यासाठी लिहिते आहे.

पणदरे परिसर म्हणजे ऊस. नीरा डावा कालवा जवळून वाहतो, माळेगावचा कारखाना हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, रानाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात आणि आमच्या पटावर चार-सहा नवी नावं चढतात. कुणाकडे शिक्षण हमी कार्ड असतं, कुणाकडे नसतं. आम्ही आधी वर्गात बसवून घेतो, कागद मागाहून. ही मुलं मार्चमध्ये, कारखान्याचा पट्टा पडला की, एका रात्रीत जातात. सोमवारी हजेरी घेताना कळतं की अमुक अमुक आता येणार नाही.

ती मुलगी बीड जिल्ह्यातली. धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची. मराठी वाचन बरं, गणितात मध्यम. इंग्रजी मात्र आमच्या नेहमीच्या मुलांपेक्षा चांगलं, आणि याचं मला नवल वाटायचं. पुढे कळलं की रात्री आई-बाप गाडी भरायला गेले की भावाला झोपवण्यासाठी ती बापाच्या मोबाइलवर इंग्रजी कार्टून लावायची. समजो न समजो, रोज तास-दीड तास ते तिच्या कानावर पडत होतं.

त्या दिवशी मी फळ्यावर चार चित्रं काढली होती. मुलगा आंब्याच्या झाडावर चढतोय, खाली कुत्रा भुंकतोय, कुत्रा पळून जातोय, मुलगा खाली उतरतोय. प्रत्येक चित्राला एक इंग्रजी वाक्य लिहायचं. बहुतेकांनी फळ्याशेजारच्या तक्त्यावरचे शब्द घेऊन कसंबसं लिहिलं. हिने लिहिलं होतं, 'द बॉय क्लाइंब्ड अप द ट्री. द डॉग बार्क्ड. द डॉग रॅन अवे. द बॉय क्लाइंब्ड डाऊन द ट्री.' स्पेलिंग दोन चुकली होती. पहिल्या तीन वाक्यांना मी बरोबर दिलं आणि चौथ्याला फुली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी वही वर धरली आणि वर्गाला विचारलं, "क्लाइंब म्हणजे काय रे?"

"चढणे!" सगळा वर्ग ओरडला.

"आणि डाऊन म्हणजे?"

"खाली!"

"मग हा मुलगा खाली चढला का?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले. ती खाली बघत बसली. त्यानंतर पट्टा पडेपर्यंत तिने स्वतःचं असं एकही इंग्रजी वाक्य लिहिलं नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायची, सुवाच्य अक्षरात, एकही चूक नाही. मला वाटलं, सुधारली.

मे महिन्यात बहिणीकडे पुण्याला गेले होते. तिचा पाच वर्षांचा मुलगा टीव्हीसमोर. पडद्यावर एक मांजर छतावर अडकलं होतं आणि खालून कोणीतरी त्याला म्हणत होतं, क्लाइंब डाऊन. मी चहाचा कप घेऊन तशीच उभी राहिले. मोबाइलवर डिक्शनरी उघडली. क्लाइंब अप, क्लाइंब डाऊन, क्लाइंब इंटू, क्लाइंब आउट ऑफ, क्लाइंब ओव्हर. सगळं बरोबर. क्लाइंब म्हणजे हातापायांनी धरत, तोल सांभाळत अंग हलवणं. नुसतं क्लाइंब म्हटलं की वर असं धरून चालतात, पण दिशा खरी सांगतो तो पुढचा छोटा शब्द. विहिरीतून वर येणाराही क्लाइंब करतो, आणि ट्रकच्या केबिनमधून खाली येणाराही.

म्हणजे चूक माझी होती. मी 'क्लाइंब म्हणजे चढणे' असं पाठ केलं होतं, तेच मुलांकडून पाठ करून घेतलं होतं, आणि जिने पाठ न करता ऐकलं होतं तिला मी हसवलं होतं वर्गाकडून.

मी स्वतः इंग्रजी पाचवीत शिकायला लागले. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, तोवर आमची बॅच पुढे गेली होती. घरात आजोबांची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, पानं सुटलेली, सुतळीने बांधलेली. आमचं सगळं इंग्रजी त्या वाटेने आलं. एक मराठी शब्द, त्याला एक इंग्रजी शब्द, मग वाक्य. त्या पुस्तकाने किती पिढ्या नोकरीला लावल्या हे मला माहीत आहे, त्यामुळे नावं ठेवायची नाहीत. पण अमुक म्हणजे तमुक ही सवय आपल्या अंगात इतकी मुरली आहे की मीही चाळीस मुलांना तसंच शिकवत होते. इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, गो म्हणजे जाणे. तक्ता तयार, पाठांतर तयार.

सुट्टीत थोडं वाचलं. भाषेचा अभ्यास करणारे लिओनार्ड टाल्मी नावाचे अमेरिकन अभ्यासक आहेत. त्यांनी 1985 च्या सुमारास जगातल्या भाषांची एक वाटणी मांडली, ती आपल्या कामाची आहे. कोणीतरी हलतं तेव्हा दोन गोष्टी सांगायच्या असतात. कुठल्या दिशेने गेला, आणि कसा गेला. काही भाषा दिशा क्रियापदातच भरतात. स्पॅनिश, तुर्की, जपानी या तशा. काही भाषा क्रियापदात 'कसा' भरतात आणि दिशेसाठी शेजारी वेगळा छोटा शब्द ठेवतात. इंग्रजी आणि जर्मन या दुसऱ्या गटातल्या.

आता आपली मराठी बघा. चढला, उतरला, शिरला, निघाला, परतला, पोचला, ओलांडला. दिशा सगळी क्रियापदाच्या पोटात. 'उतर' म्हटलं की खाली हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि कसा उतरला ते सांगायचं असेल तर आपण बाजूला शब्द ठेवतो. धावत उतरला, घसरत उतरला, रांगत आत शिरलं. त्याहून मजेचे म्हणजे आपले ते नादाचे शब्द. उंदीर सुळकन बिळात शिरला. बेडूक टुणकन बाहेर आला. पाखरू भुर्रकन उडून गेलं. इंग्रजीत नेमकं उलटं होतं. सुळकन हे डार्टेड या क्रियापदात जातं आणि शिरला हे इंटू या छोट्या शब्दात. टुणकन हे हॉप्डमध्ये जातं आणि बाहेर येणं नुसत्या आउटमध्ये मावतं. आपल्याकडे जे क्रियापद आहे ते त्यांच्याकडे छोटा शब्द, आणि आपल्याकडचा छोटा शब्द त्यांच्याकडे क्रियापद.

हे एकदा दिसलं आणि मला मुलांच्या वह्या वेगळ्या दिसायला लागल्या. आपली मुलं 'ही एंटर्ड इन द रूम' असं का लिहितात? कारण शिरणे या एका शब्दाला एक इंग्रजी क्रियापद हवं असतं, ते एंटर मिळतं, आणि खोली'त' मधल्या त साठी वर एक इन लावला जातो. एंटर, डिसेंड, रिटर्न हे शब्द इंग्रजीत लॅटिन-फ्रेंचकडून आलेले. ते आपल्या क्रियापदांसारखे, दिशा पोटात घेतलेले, म्हणून आपल्याला जवळचे वाटतात. आईने हाक मारल्यावर घरात पळत येणारं पोर इंग्रजीत सहसा एंटर करत नाही, ते रन्स इन. एंटरने व्याकरण बिघडत नाही, पण घरातलं बोलणं कचेरीतल्या अर्जासारखं होतं.

आता कोणी म्हणेल, मॅडम, मराठीतही वर जा, खाली ये, आत ये असं आपण म्हणतोच की. खरं आहे. मराठी शंभर टक्के एका गटात बसत नाही. उलट आपल्याकडेही छोट्या शब्दाने अर्थ फिरवणारी क्रियापदं आहेत. 'बाहेर पडणे' घ्या. यात कोणी पडत नाही, कोणाचा गुडघा फुटत नाही. माझ्या वर्गातल्या एकाने रोजच्या दिनक्रमात 'आय फॉल आउटसाइड माय हाउस अ‍ॅट टेन' असं लिहिलं होतं. तो दहा वाजता घराबाहेर पडतो म्हणून. यावर मी आता हसत नाही. वर्गाला विचारते की तुम्ही बाहेर 'पडता' तेव्हा खरंच पडता का? नाही ना? मग इंग्रजीतही शेजारचा शब्द बघितल्याशिवाय क्रियापदाचा अर्थ ठरवायचा नाही. गेट म्हणजे मिळणे असं पाठ केलेल्या मुलाला गेट अप, गेट ऑन, गेट ऑफ, गेट आउट कळणार कसं?

आपल्या शिक्षक मंडळींना सगळ्यात लवकर पटेल असं उदाहरण मला इंग्रजीच्या तासाला सापडलं नाही, परिपाठाला सापडलं. आमच्या शाळेत एक जुनी पेटी आहे. एक सहकारी शिक्षक मुलांकडून सा रे ग म म्हणून घेत होते. आरोह, अवरोह. मूळ धातू एकच, रुह्. आ लावला की वर, अव लावला की खाली. आरोहण म्हणजे चढणं, अवरोहण म्हणजे उतरणं. संस्कृतात 'क्लाइंब डाऊन' बिनतक्रार चालतं! गम् धातूचंही तसंच. आगमन, निर्गमन, उद्गम, अनुगमन. जाणं एकच, पुढच्या उपसर्गाने दिशा बदलते. अवतार म्हणजे अव आणि तॄ, खाली उतरून येणं. उपसर्ग आपण पाचवी-सहावीपासून मराठीच्या तासाला शिकवतो. इंग्रजीने तोच उपसर्ग क्रियापदाच्या आधी न चिकटवता मागे सुटा ठेवला, इतकाच फरक समजा. ज्या बाईंनी परिपाठात रोज अवरोह ऐकला त्याच बाईंनी 'खाली चढला का' म्हणून वर्ग हसवला, याची मला त्या सकाळी फार लाज वाटली.

पण हे समजणं वेगळं आणि चौथीच्या मुलांना शिकवणं वेगळं. सर्वांत जास्त घोळ कुठे होतो ते सांगते. 'वरून' या शब्दात.

ऑन म्हणजे वर असं शिकवल्यावर मूल वरून साठी काय शोधणार? फ्रॉम ऑन. आणि आपला वरून तर दहा कामं करणारा. एसटी शाळेवरून जाते, म्हणजे शाळेच्या छपरावरून नाही, शाळेसमोरून, तिथे इंग्रजीत पास्ट. विमान डोक्यावरून गेलं, तिथे ओव्हर. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी पुलावरून वाहतं, तेही ओव्हर. पोरगं भिंतीवरून पडलं, तिथे ऑफ. जिन्यावरून पळत आलं, तिथे डाऊन. रस्त्यावरून चाललो होतो, तिथे अलाँग. मोरगाववरून पुण्याला गेलो, तिथे व्हाया. आणि मामा बारामतीवरून आला, तिथे नुसता फ्रॉम. एका वरूनला सात इंग्रजी शब्द. तक्त्यात बसवून दाखवा बरं! 'द बस गोज ऑन द स्कूल' हे वाक्य माझ्याकडे दर वर्षी तीन-चार वह्यांत असायचं आणि मी नुसतं पास्ट असं वर लिहून पुढे जायची. मूल बिचारं विचार करत असणार, वर म्हणजे ऑन असं बाईंनीच सांगितलं होतं.

'तून'चंही असंच. रानडुक्कर उसातून पळालं. ते उसाच्या आतल्या आत पळत गेलं की उसातून बाहेर निघालं? मराठीत दोन्ही चालतं, ऐकणारा प्रसंगावरून समजतो. इंग्रजी बोलणाऱ्याला आधी ठरवावं लागतं, थ्रू द केन की आउट ऑफ द केन. हे उदाहरण मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरांनी दहा मिनिटं वाद घातला. ज्याच्या रानात खरंच डुक्कर आलं होतं त्याचं म्हणणं होतं की आधी थ्रू आणि मग आउट ऑफ, "मॅडम, आमी बगितलंय." मी दोन्ही बरोबर दिलं.

या वर्षी जूनमध्ये मी तक्ता काढून ठेवला आणि मैदानावर गेले. फक्कीने दोन समांतर रेघा मारल्या, हा झाला निरा डावा कालवा. एक फळी टाकली, तो पूल. कोपऱ्यात दहा-बारा मुलं हात वर करून दाटीने उभी केली, तो ऊस. पाण्याची टाकी आहे तिथे देऊळ. मग एकेकाला सांगायचं. वॉक अलाँग द कॅनॉल. रन ओव्हर द ब्रिज. क्रॉल थ्रू द केन. जंप इंटू द कॅनॉल, क्लाइंब आउट ऑफ द कॅनॉल. अर्थ एकदाही मराठीत सांगितला नाही. पहिल्या दिवशी गोंधळ झाला, ऊस झालेल्या मुलांनी मधून जाणाऱ्याला गुदगुल्या केल्या, दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं न चुकता करत होती. आठवड्याने मीच बाजूला झाले आणि मुलं एकमेकांना हुकूम सोडायला लागली. एक पोरगी भावाला म्हणाली, "क्रॉल ओव्हर द ब्रिज!" हे वाक्य मी शिकवलं नव्हतं. क्रॉल एका हुकुमातलं, ओव्हर दुसऱ्यातलं, जोडणी तिची.

खऱ्या कालव्याच्या बाबतीत एक सांगून ठेवते. इंटूचा खेळ फक्कीच्याच कालव्यात. खऱ्या कालव्याजवळ जायचं नाही, हे दर वेळी मराठीत, दम देऊन सांगते.

त्याच सुमारास पालखी आली. तुकोबांची पालखी बारामतीतून पुढे काटेवाडीला जाते, आमच्या वर्गातली निम्मी मुलं आजी-आजोबांबरोबर बघायला जातात. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. दुसऱ्या दिवशी कोणाचंच अभ्यासात लक्ष नव्हतं, तेव्हा म्हटलं चला, हेच इंग्रजीत सांगू. मेंढ्या पालखीभोवती धावल्या. द शीप रॅन राउंड द पालखी. पालखी धोतरांवरून गेली. पुन्हा आला वरून, पण आता एक जण लगेच म्हणाला, "ओव्हर, मॅडम."

मग मी फळ्यावर वाट काढली. बारामती, काटेवाडी, भवानीनगर, सणसर. मराठीत मुलांनी सांगितलं, पालखी बारामतीतून निघते, काटेवाडीतून जाते, भवानीनगर ओलांडते आणि सणसरला पोचते. चार क्रियापदं. इंग्रजीत एकच गोज लिहिलं आणि पुढे आउट ऑफ बारामती, थ्रू काटेवाडी, पास्ट भवानीनगर, इंटू सणसर. मुलं मोजत बसली, एका क्रियापदाला किती डबे जोडता येतात ते. पुढे सराटीजवळ नीरा ओलांडून पालखी सोलापूर जिल्ह्यात जाते, तिथे आणखी दोन डबे. अक्रॉस द नीरा, इंटू सोलापूर डिस्ट्रिक्ट. इंजिन एक, डबे सहा. चौथीतल्या मुलाने आजवर माझ्या वर्गात लिहिलेलं सगळ्यात लांब इंग्रजी वाक्य ते असेल.

पालकांसाठीही एक गोष्ट. घरी मुलाला 'इन म्हणजे काय, सांग' असं विचारू नका. ते 'मध्ये' म्हणेल आणि तुम्हाला समाधान वाटेल, पण त्याने काही साधत नाही. त्यापेक्षा चेंडू पलंगाखाली गेला तर तो कुठून कुठे गेला ते दोघांनी मिळून सांगायचा प्रयत्न करा, चुकलं तर चुकू द्या. एसटीत बसताना गेट ऑन आणि रिक्षात बसताना गेट इन असं का, हा प्रश्न मला एका आईने विचारला होता. ज्या गाडीत उभं राहून चालता येतं तिथे ऑन, ज्यात वाकून बसावं लागतं तिथे इन, इतपत अंदाज सांगितला. त्या म्हणाल्या, "मग फटफटी?" फटफटीला ऑन. तिच्यात शिरायला आतच नाही, वर टांग टाकूनच बसायचं. आणि बसणे म्हणजे सिट असं मुलांना ठोकून सांगितलं की 'आय सॅट इन बस अँड केम बारामती' तयार होतं. यातलं केमसुद्धा मराठीच आहे बरं का. शाळा सुटली की आमची पोरं फाटकाकडे पळता पळता "आय अ‍ॅम कमिंग, मॅडम" म्हणतात. जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे आईने शिकवलेलं असतं. ते मी दुरुस्त करत नाही. परीक्षेत येईल तेव्हा बघू.

सुट्टीत आणखी एक पुस्तक कळलं. मर्सर मेयर यांचं 1969 चं चित्रपुस्तक, फ्रॉग, व्हेअर आर यू. त्यात नावाशिवाय एकही शब्द नाही. बरणीतून बेडूक पळतो आणि एक मुलगा कुत्र्याला घेऊन त्याला शोधायला निघतो. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन या अभ्यासकांनी हेच पुस्तक इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की बोलणाऱ्या मुलांना आणि मोठ्यांना दाखवून गोष्ट सांगायला लावली आणि 1994 साली त्यावर मोठा ग्रंथ काढला. झाडाच्या ढोलीतून घुबड बाहेर येतं त्या चित्रावर स्पॅनिश बोलणारे बहुतेक 'निघालं' एवढंच म्हणतात. इंग्रजी बोलणारे कसं निघालं तेही पुष्कळदा क्रियापदातच सांगतात आणि आउट जोडतात. मराठी त्या पाच भाषांत नव्हती, म्हणून मी ते चित्र वहीत काढून माझ्या वर्गाला दाखवलं. बहुतेक जण म्हणाले, घुबड बाहेर आलं. दोघं म्हणाले, भस्सकन बाहेर आलं. भस्सकन! हे इंग्रजीत कुठल्या क्रियापदात घालायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर घ्या वर्गात.

या सगळ्यात ती मुलगी कुठे होती? तिच्या गावी. तिची वही माझ्या कपाटात राहिली होती, जाताना घाईत राहून गेली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी ती बाहेर काढली. फुलीच्या शेजारी बरोबरची खूण केली, पण ती बघणार कोण? हजेरी पत्रकात तिच्या वडिलांचा नंबर होता. तीन-चार वेळा लावला, बंद. मग पालखी गेल्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी लागला. आईने उचलला. बाईंचा फोन म्हटल्यावर त्या घाबरल्याच, "काय झालं मॅडम, फी राहिली का काय?" म्हटलं, नाही ताई, फी नसते आपल्याकडे, जरा पोरीला द्या.

ती फोनवर आली. मी सांगितलं की जानेवारीत तू झाडाचं वाक्य लिहिलं होतंस, क्लाइंब्ड डाऊन द ट्री, ते बरोबर होतं. मी चुकीची फुली मारली. वर्गालाही मी हे सांगितलं आहे. खरंच सांगितलं होतं, शाळेच्या पहिल्याच आठवड्यात. मुलं आता पाचवीत गेली आहेत, पण मी त्यांच्या वर्गात जाऊन वही वर धरून दाखवली होती, जशी तेव्हा धरली होती.

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मागे भाऊ रडत होता, कुणीतरी भांडी घासत होतं. मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, "मॅडम, ट्रॅक्टरवरून उतरलं तरी बी क्लाइंब डाऊनच का?"

म्हटलं, हो. क्लाइंब डाऊन फ्रॉम द ट्रॅक्टर.

"मंग टेलरमदून?"

"आउट ऑफ," मी म्हटलं. "क्लाइंब आउट ऑफ द ट्रेलर."

तिने ते दोनदा म्हणून बघितलं. दिवाळीनंतर कुठल्या कारखान्याला जाणार विचारलं तर म्हणाली, मुकादमाने अजून उचल दिली नाही, ठरलं नाही. वही कपाटात ठेवली आहे.